रास्पबेरी पाय आणि स्वस्त प्रिंटर

रास्पबेरी पाय या लहान, लिनक्सवर चालणाऱ्या संगणकासाठी अल्प खर्चाचा प्रिंटर निवडणे आणि त्याला योग्य वीजपुरवठा करणे हा विषय वरवर दिसतो तितका सरळ नाही. घरातील नेहमीच्या संगणकाशी विनातक्रार चालणारा प्रिंटर या संगणकाला जोडला असता मुका राहू शकतो. किंवा छपाई सुरू होताच संगणकच बंद पडून पुन्हा सुरू होतो. पहिल्या प्रकाराचे कारण बहुधा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाची पाने प्रिंटरच्या भाषेत मांडणारी आज्ञावली, हे असते. दुसऱ्याचे कारण विजेचे. दोन्हींचा प्रिंटरच्या किमतीशी संबंध आहे. यंत्र स्वस्त करताना त्यातून जे काम काढून टाकले जाते, ते संगणकाच्या माथी येते, आणि रास्पबेरी पाय हा मुळातच लहान संगणक आहे.

पार्श्वभूमी

रास्पबेरी पाय हा संगणक इंग्लंडमधील केंब्रिज येथे विकसित झाला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. मुलांना आज्ञावली-लेखनाची गोडी लागावी हा त्यामागचा मूळ हेतू होता. पहिल्या ‘मॉडेल बी’ची किंमत ३५ डॉलर होती. त्यात एआरएम पद्धतीचा, म्हणजे मोबाइल फोनमध्ये असतो तशा जातीचा प्रोसेसर आहे. नेहमीच्या संगणकांतील इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरांसाठी तयार केलेली आज्ञावली त्यावर थेट चालत नाही. या संगणकाची अधिकृत कार्यप्रणाली रास्पबेरी पाय ओएस (पूर्वीचे नाव रास्पबियन) ही डेबियन लिनक्सवर आधारलेली आहे.

लिनक्सवरील छपाईचा कारभार ‘कप्स’ ही प्रणाली पाहते. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये तिच्या लेखनास प्रारंभ केला व १९९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अ‍ॅपलने २००२ मध्ये ती आपल्या संगणकांत स्वीकारली आणि २००७ मध्ये तिचे हक्क विकत घेतले. २०१९ च्या अखेरीस स्वीट अ‍ॅपलमधून बाहेर पडले. त्यानंतर लिनक्ससाठी या प्रणालीचा सांभाळ प्रामुख्याने ‘ओपनप्रिंटिंग’ या प्रकल्पाकडे आला.

प्रिंटर आणि मुक्त सॉफ्टवेअर यांचे नाते याहूनही जुने आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर मिळाला होता. कागद अडकल्यास तशी सूचना लोकांना आपोआप जावी, एवढी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या आज्ञावलीत करायची होती. परंतु तिचा मूळ मजकूर त्यांना मिळू शकला नाही. १९८३ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या जीएनयू प्रकल्पामागील प्रेरणांमध्ये या प्रसंगाचा उल्लेख ते स्वतः करीत आले आहेत. रास्पबेरी पायला जुना प्रिंटर जोडू पाहणाऱ्यापुढील अडचण आजही हीच असते: यंत्र चांगले असते, पण त्याची किल्ली निर्मात्याजवळ असते.

प्रिंटरची भाषा

संगणक पान जसेच्या तसे प्रिंटरकडे पाठवत नाही. ते प्रिंटरला समजेल अशा भाषेत मांडून पाठवतो. ह्यूलेट-पॅकार्डची पीसीएल आणि अ‍ॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट या अशा दोन प्रसिद्ध भाषा. दोन्ही १९८४ च्या आसपास प्रचारात आल्या. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांत एप्सनची ‘ईएससी/पी’ ही भाषा इतकी रूढ झाली की इतर निर्मात्यांनीही तीच उचलली. या भाषा समजणाऱ्या प्रिंटरमध्ये स्वतःचा प्रोसेसर व स्मृती असते, आणि भाषेचे नियम प्रसिद्ध असल्यामुळे कोणताही संगणक त्याच्याशी बोलू शकतो.

पुढे किंमत उतरवण्यासाठी प्रिंटरमधील हा मेंदूच काढून टाकण्यात आला. पानाचे ठिपक्यांत रूपांतर करण्याचे सर्व काम संगणकाने करायचे, आणि प्रिंटरने आलेले ठिपके केवळ कागदावर उमटवायचे, अशी विभागणी झाली. विंडोजमधील एका घटकाच्या नावावरून अशा यंत्रांना ‘जीडीआय प्रिंटर’ म्हणतात. हे काम किती असते याचा हिशेब सोपा आहे. ए४ आकाराचे पान इंचाला ६०० ठिपके या दराने मांडल्यास रुंदीत सुमारे ४,९६० व उंचीत सुमारे ७,०१६, म्हणजे एकूण जवळजवळ साडेतीन कोटी ठिपके होतात. केवळ काळ्या-पांढऱ्या छपाईला त्यासाठी साधारण ४.३ मेगाबाइट जागा लागते. रंगीत पान पूर्ण रंगखोलीत मांडल्यास १०० मेगाबाइटहून अधिक. पाय झीरोसारख्या ५१२ मेगाबाइट स्मृतीच्या संगणकाला हे ओझे जाणवते. छपाई होते, पण पहिले पान बाहेर पडेपर्यंत थांबावे लागते.

तरीही खरी अडचण वेगाची नव्हे. हे ठिपके कोणत्या क्रमाने, कसे दाबून पाठवायचे याचे नियम प्रत्येक निर्मात्याने आपल्यापुरते ठेवले आणि लिनक्ससाठी ड्रायव्हर दिलाच, तर तो पुष्कळदा इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी तयार केलेल्या बंद स्वरूपात दिला. मूळ मजकूर हाती नसल्यामुळे तो एआरएमसाठी पुन्हा घडवता येत नाही. भारतातील असंख्य कार्यालयांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा याचे ठळक उदाहरण होय. तो कॅननची ‘कॅप्ट’ ही खासगी भाषा बोलतो आणि तिचा अधिकृत लिनक्स ड्रायव्हर इंटेल जातीच्या संगणकांसाठीच आहे. स्वयंसेवकांनी त्या भाषेचा उलगडा करून वेगळा मुक्त ड्रायव्हर लिहिला आहे. मात्र त्याच्याकडून अधिकृत ड्रायव्हरच्या सर्व सोयींची अपेक्षा धरू नये.

एचपीच्या लेझरजेट १०२० ची गोष्ट वेगळी आहे. त्या प्रिंटरमध्ये त्याची स्वतःची अंतर्गत आज्ञावली कायमची साठवलेली नसते. प्रत्येक वेळी वीज चालू केल्यावर ती संगणकाने त्यात भरावी लागते. म्हणून वीज जाऊन आल्यावर हा प्रिंटर संगणकाला दिसतो, पण काही छापत नाही. ‘फू-टू-झेडजेएस’ हा मुक्त ड्रायव्हर नीट बसवला असेल, तर तो हे भरण्याचे काम आपोआप करतो. ब्रदरच्या अनेक काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरांसाठी ‘बीआरलेझर’, सॅमसंगच्या जुन्या यंत्रांसाठी ‘स्प्लिक्स’ आणि एप्सन व कॅननच्या कित्येक शाईच्या प्रिंटरांसाठी ‘गुटेनप्रिंट’ असे मुक्त ड्रायव्हर आहेत. त्यांचा मूळ मजकूर खुला असल्यामुळे ते एआरएमवरही चालतात आणि डेबियनच्या भांडारातून थेट मिळतात.

निवड

नवा प्रिंटर घेताना सर्वांत उपयोगी खूण खोक्यावर छापलेली असते, आणि ती लिनक्सची नसून अ‍ॅपलची असते. अ‍ॅपलने २०१० मध्ये आयफोन व आयपॅडसाठी ‘एअरप्रिंट’ ही पद्धत आणली. फोनवर ड्रायव्हर बसवण्याची सोय नसल्यामुळे प्रिंटरनेच आपली माहिती सांगावी आणि ठरावीक, प्रसिद्ध स्वरूपातील पान स्वीकारावे, असे तिचे सूत्र आहे. ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ हे सर्वांसाठीचे मानक त्याच धर्तीचे आहे. या पद्धतीने छापणाऱ्या प्रिंटरला ड्रायव्हरच लागत नाही. त्यामुळे संगणकाचा प्रोसेसर कोणता हा प्रश्नही उरत नाही. यूएसबीच्या तारेने जोडलेल्या यंत्रांतही ही सोय असू शकते. ऑगस्ट २०२१ मधील डेबियन ११ पासून ‘आयपीपी-यूएसबी’ या घटकामुळे ती सहज वापरता येते.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. एकाच मालिकेतील वायफाय असलेल्या प्रकारात एअरप्रिंट असते आणि त्याहून थोड्या स्वस्त, केवळ यूएसबी असलेल्या प्रकारात ते पुष्कळदा नसते. वाचलेली रक्कम मग ड्रायव्हरच्या शोधात खर्ची पडते. अशा वेळी वायफायचा प्रकार घेणेच शहाणपणाचे.

जुन्या बाजारात प्रिंटर घेताना पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट समजणारे कार्यालयीन लेझर यंत्र मिळाल्यास ते, वय अधिक असूनही, नव्या जीडीआय यंत्रापेक्षा भरवशाचे ठरते. ओपनप्रिंटिंग प्रकल्पाच्या यादीत प्रारूपाचे नाव शोधून पाहण्याचे काम पैसे देण्यापूर्वी करावे. त्यासाठी प्रारूपाचे पूर्ण नाव अक्षरा-आकड्यांसह लागते, कारण एका अक्षराच्या फरकाने आतील भाषा बदललेली असू शकते.

शाईच्या प्रिंटरांत यंत्र स्वस्त व शाई महाग असा व्यवहार दीर्घकाळ चालला. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात शाईच्या टाकीचे प्रिंटर आणले आणि पुढे इतरांनीही तो मार्ग धरला. यात यंत्र महाग, पण पान स्वस्त पडते. क्वचित छपाई करणाऱ्याने मात्र शाईचा प्रिंटर टाळावा. आठवडेच्या आठवडे न वापरल्यास शाई सुकून सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि ती मोकळी करण्यातच बरीच शाई वाया जाते. लेझरची भुकटी तशी सुकत नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आवाज करतो, मंद असतो आणि दिसायला कालबाह्य वाटतो; तथापि कार्बन ठेवून एकाच वेळी अनेक प्रती काढणे केवळ त्यालाच जमते, कारण त्याच्या सुया कागदावर प्रत्यक्ष आघात करतात. त्याची फीतही स्वस्त असते.

पावतीचा थर्मल प्रिंटर

रास्पबेरी पायसोबत सर्वाधिक जोडला जाणारा स्वस्त प्रिंटर म्हणजे दुकानात पावती काढणारा लहान थर्मल प्रिंटर. त्यात शाई नसते. कागदावरच उष्णतेने काळा पडणारा लेप असतो आणि प्रिंटरच्या पट्टीतील बारीक तापक ठिपके आवश्यक तेथे त्याला चटका देतात. ५८ मिलिमीटर रुंदीच्या कागदावर ४८ मिलिमीटर छपाई होते. दर मिलिमीटरला ८ याप्रमाणे एका ओळीत ३८४ ठिपके बसतात. बहुतेक यंत्रे एप्सनच्या ‘ईएससी/पीओएस’ या आज्ञांचे पालन करतात, त्यामुळे ड्रायव्हरची अडचण येथे फारशी नसते. मात्र फोनसाठी विकल्या जाणाऱ्या बॅटरीवरील काही छोट्या ब्लूटूथ प्रिंटरांची भाषा खासगी असते. ते घेण्यापूर्वी खात्री करावी.

थर्मल कागदावरील मजकूर ऊन, उष्णता व तेलकट स्पर्शाने पुसट होतो. रांगेचे टोकन, पुस्तक परत करण्याच्या तारखेची चिठ्ठी, तात्पुरती पावती यांसाठी तो योग्य आहे. जतन करावयाच्या कागदपत्रांसाठी नाही.

सुटा थर्मल प्रिंटर रास्पबेरी पायच्या पिनांना सरळ जोडता येतो. संगणकाची पाठवणारी पिन (जीपीआयओ १४, क्रमाने ८ वी) प्रिंटरच्या स्वीकारणाऱ्या तारेला आणि दोहोंची ग्राउंडची तार एकमेकींना जोडतात. वीज वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतली असली तरी ग्राउंड सामाईक असावेच लागते, अन्यथा कागदावर निरर्थक चिन्हे उमटतात. उलट दिशेच्या तारेबाबत अधिक जपावे लागते. यातील पुष्कळ प्रिंटर ५ व्होल्टचा संकेत पाठवतात, तर रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या असून ५ व्होल्ट सहन करण्यासाठी बनवलेल्या नाहीत. मध्ये दोन रोध घालून व्होल्टेज कमी करावे, किंवा ती तार न जोडता सोडून द्यावी. ती नसली तरी छपाई होते. फक्त कागद संपल्याची वार्ता संगणकाला मिळत नाही. याच पिनांवर संगणकाचा स्वतःचा कन्सोल चालू असेल तर तो आधी बंद करावा, नाहीतर संगणक सुरू होतानाचे संदेशच पावतीवर छापले जातात.

वीजपुरवठा

यूएसबीची तार प्रिंटरपर्यंत गेली म्हणजे वीजही गेली, असा समज आढळतो. यूएसबी २.० च्या एका जोडणीतून मानकाप्रमाणे ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात. कागद ओढणाऱ्या मोटारीला आणि तापणाऱ्या पट्टीला ते पुरेसे नाहीत. म्हणून मेजावरील प्रिंटरांना भिंतीवरील वीज स्वतंत्रपणे घ्यावी लागते. रास्पबेरी पाय ४ च्या चारही यूएसबी जोडण्यांतून मिळून सुमारे १.२ अँपिअरच देता येतात. रास्पबेरी पाय ५ मध्ये ही मर्यादा १.६ अँपिअर आहे, पण तीही ५ अँपिअरचा अधिकृत अ‍ॅडॉप्टर असेल तरच. ३ अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरवर ती ०.६ अँपिअरवर येते.

खरा घोटाळा लहान थर्मल प्रिंटरच्या बाबतीत होतो. तो ५ ते ९ व्होल्टवर चालतो असे लिहिलेले असते आणि संगणकाच्या पिनांवर ५ व्होल्ट उपलब्ध दिसतात. म्हणून तो तिथेच जोडला जातो. विश्रांतीत तो जवळजवळ काहीच घेत नाही. छपाईच्या क्षणी मात्र दीड ते दोन अँपिअर ओढतो, आणि पानावर काळा भाग जितका अधिक, तितकी ही ओढ मोठी. चार शब्द नीट उमटतात आणि चित्र किंवा जाड बारकोड येताच संगणक बंद पडतो, याचे कारण हेच. व्होल्टेज सुमारे ४.६३ च्या खाली गेले की रास्पबेरी पाय तशी नोंद करतो व पडद्यावर विजेचे चिन्ह दाखवतो. आणखी घसरल्यास तो पुन्हा सुरू होतो, आणि त्याच वेळी मेमरी कार्डवर लेखन चालू असेल तर कार्डातील माहिती बिघडण्याचा धोका असतो. प्रिंटरच्या दोषापायी संगणकाचे कार्ड बदलत राहण्याची पाळी यातूनच येते.

दोष पुष्कळदा अ‍ॅडॉप्टरचा नसून तारेचा असतो. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो. जाणारी व येणारी अशा दोन तारा धरल्यास एक मीटर केबलचा रोध ०.४२ ओहम होतो. तिच्यातून २ अँपिअर वाहिल्यास वाटेतच ०.८ व्होल्टहून अधिक गळतात आणि पलीकडे ४.२ व्होल्टही पोहोचत नाहीत. तेवढ्याच लांबीच्या २० गेजच्या तारेत ही घट सुमारे ०.१३ व्होल्ट असते. अधिकृत अ‍ॅडॉप्टर नेमके ५ ऐवजी ५.१ व्होल्ट देतो, तो ही घट गृहीत धरूनच.

उपाय असा की प्रिंटरला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर द्यावा. एकच अ‍ॅडॉप्टर हवा असल्यास तो दोहोंच्या बेरजेपेक्षा सढळ असावा आणि त्याची वीज संगणकात शिरण्यापूर्वीच दोन वाटांनी विभागावी. संगणकातून प्रिंटरकडे नेऊ नये. ८० मिलिमीटर कागदाच्या दुकानी प्रिंटरांना बहुधा २४ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर असतो. तो गोल टोकाचा असल्यामुळे दुसऱ्या यंत्रातही बसतो, म्हणून त्यावर खूण करून ठेवणे बरे.

मोठ्या प्रिंटरांत लेझर हा विजेचा सर्वांत मोठा ग्राहक आहे. भुकटी कागदावर वितळवणारा त्यातील रूळ साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि ते तापणे सुरू होताना लहान लेझर प्रिंटरही काही क्षण कित्येकशे वॉट ओढतो. घरगुती इन्व्हर्टरवर असा भार टाकल्यास दिवे मंदावतात किंवा इन्व्हर्टरच बंद पडतो. निर्मातेही लेझर प्रिंटर यूपीएसवर न जोडण्याची सूचना देतात. याउलट शाईचा प्रिंटर छापताना दहा-वीस वॉट घेतो आणि डॉट मॅट्रिक्सही माफक विजेवर चालतो. जेथे वीज वारंवार जाते तेथे लेझर भिंतीवर व संगणक बॅटरीवर ठेवावा. संगणक जागा राहिल्यास कप्सच्या रांगेतील कामे टिकून राहतात. रांगेचे धोरण ‘थांबणे’ असे न ठेवता ‘पुन्हा प्रयत्न करणे’ असे ठेवले, तर वीज आल्यावर छपाई आपोआप पुढे चालते.

शाईचा प्रिंटर भिंतीवरील बटणाने बंद करण्याची सवय वाईट. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केल्यास छपाईचे मुख जागेवर जाऊन झाकले जाते. थेट वीज तोडल्यास ते उघडे राहून सुकू शकते.

देवनागरीची छपाई

पावतीच्या प्रिंटरला इंग्रजी अक्षरे पाठवली की तो आपल्या साठ्यातील तयार आकृत्या छापतो. दक्षिण आशियासाठी बनवलेल्या काही यंत्रांत देवनागरीचाही तक्ता असतो, परंतु स्वस्त यंत्रांत तो सहसा नसतो. शिवाय देवनागरी केवळ तक्त्याने साधत नाही. ‘कि’मधील वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर, पण लेखनात त्याच्या आधी येते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. जोडाक्षरांचे आकार बदलतात. म्हणून मजकूर संगणकावरच योग्य आकारात मांडून, ३८४ ठिपके रुंदीचे चित्र करून पाठवावा लागतो. लिनक्सवर हे काम ‘पँगो’ व ‘हार्फबझ’ या मुक्त आज्ञावली करतात. लोहित किंवा नोटो हे मुक्त टंक त्यासाठी पुरतात.

चित्र पाठवण्याची किंमत वेगात मोजावी लागते. ठिपक्यांच्या एका ओळीला ४८ बाइट लागतात. पिनांवरील जोडणीचा वेग ९,६०० बॉड असेल तर सेकंदाला ९६० बाइट, म्हणजे अशा २० ओळी, म्हणजे अडीच मिलिमीटर कागद. दहा सेंटिमीटरची मराठी पावती यायला ४० सेकंद लागतात. १९,२०० बॉडवर २० सेकंद. गिऱ्हाईक समोर उभे असताना हा विलंब मोठा आहे. यूएसबी जोडणीत तो नसतो. म्हणून मराठी पावती छापायची असल्यास पिनांच्या प्रिंटरपेक्षा यूएसबीचा थर्मल प्रिंटर घ्यावा. शिरोरेषेचा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. इंग्रजी मजकुरात एका आडव्या ओळीतील थोडेच ठिपके एकदम तापतात, तर शिरोरेषेच्या जागी ओळीतील बहुतांश ठिपके तापवावे लागतात. प्रिंटर ते गटागटाने तापवतो, त्यामुळे तिथे एक तर विद्युतधारा वाढते किंवा छपाई मंदावते. पुरवठा कमकुवत असल्यास शिरोरेषा फिकट आणि खालची अक्षरे ठळक उमटतात.

संगणकाचा प्रिंटरसेवक म्हणून उपयोग

प्रिंटर एकदा कप्समध्ये बसला की रास्पबेरी पायला पडदा किंवा कळफलक लागत नाही. कप्सचे व्यवस्थापन त्याच जाळ्यातील दुसऱ्या संगणकावरील न्याहाळकातून, ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर, करता येते. मात्र दूरस्थ प्रवेशाची परवानगी आधी द्यावी लागते व वापरकर्ता ‘एलपीअ‍ॅडमिन’ या गटात असावा लागतो. ‘अवाही’ ही सेवा चालू असल्यास सामायिक केलेला प्रिंटर जाळ्यातील फोन व संगणकांना आपोआप दिसतो. केवळ यूएसबी असलेला, फोनवरून कधीच न चालणारा जुना लेझर प्रिंटर अशा रीतीने वायफायचा होतो, आणि त्याची खासगी भाषा जाणण्याची जबाबदारी एकट्या रास्पबेरी पायवर राहते. या कामाला जुने किंवा कमी स्मृतीचे प्रारूपही चालते. काळ्या-पांढऱ्या छपाईस पाय झीरो २ डब्ल्यू पुरतो, रंगीत छायाचित्रांसाठी एक गिगाबाइट किंवा अधिक स्मृतीचे प्रारूप घ्यावे.